उघडी वही, झाकलेला तंबू



निर्गमाच्या पुस्तकातील शेवटची पराशा, पेकुदे, वाचताना पुष्कळांना कंटाळा येतो. सारा हिशेबच! निवासमंडपासाठी सोने आले 29 किक्कार 730 शेकेल, चांदी 100 किक्कार 1775 शेकेल, आणि ती कशाकशाला लागली. ज्या मोशेशी परमेश्वर बोलत असे, त्याने हिशेब कशाला द्यावा? तरी त्याने तो सर्वांसमोर मांडला. मिद्राशात सांगितले आहे की, मांडता मांडता 1775 शेकेलांचा मेळ लागेना. मोशे अस्वस्थ झाला. मग खांबांच्या आकड्या त्याच्या नजरेस पडल्या, आणि ती चांदी तेथे लागल्याचे आठवले. विसर मोशेलाही पडला; परंतु त्याने वही मिटली नाही.

आम्ही सिंगापुरात राहणाऱ्यांनी याच गोष्टीचा अनुभव घेतला आहे. सन 2020 च्या मार्चमध्ये, कोविडच्या साथीत, येथे 'ट्रेसटुगेदर' योजना सुरू झाली. कोण कोणाच्या जवळ आले, याची नोंद मोबाइल फोनमध्ये, आणि पुढे खिशात ठेवायच्या एका लहानशा यंत्रात होऊ लागली. ही माहिती केवळ रोगाचा माग काढण्यासाठी, असे सांगण्यात आले, आणि बहुसंख्य रहिवाशांनी विश्वासाने ती दिली. 4 जानेवारी 2021 रोजी संसदेत प्रश्न निघाला, तेव्हा उत्तर मिळाले की, फौजदारी प्रक्रिया कायद्याखाली पोलीसही ती मागू शकतात. एका खुनाच्या तपासात ती वापरल्याचेही समजले. आश्वासन देताना हा कायदा आपल्या ध्यानात आला नव्हता, असे मंत्री विवियन बालकृष्णन यांनी दुसऱ्या दिवशी सभागृहात कबूल केले. 2 फेब्रुवारीस नवा कायदा होऊन पोलिसांचा अधिकार सात प्रकारच्या गंभीर गुन्ह्यांपुरता मर्यादित झाला.

खुनी पकडला जावा, यात वाद नाही. दुखणे निराळे आहे. कायदा पुस्तकात छापलेला होता, पण माहिती देणाऱ्याच्या कानी तो कोणी घातला नव्हता. लोकांचे येणेजाणे उघडे झाले आणि नियम मात्र झाकलेला राहिला. चूक सुधारली ती कोणी उघडपणे विचारले आणि कोणी उघडपणे सांगितले म्हणून.

कोकणात आपल्या पूर्वजांचा घाणा शनिवारी बंद असे. तेवढ्यावरून गावाला आपला धर्म कळे, आणि आपल्याला शनवार तेली हे नाव पडले. खिशातले यंत्र त्या बंद घाण्याहून कितीतरी अधिक बोलते. पण कोणाशी बोलते, ते आपल्याला दिसत नाही.

तोरा दोन्ही बाजू शिकवते. बलाम शाप द्यायला आला आणि इस्राएलचे तंबू पाहून आशीर्वाद देऊन गेला. आपले हाखाम सांगतात की, एका तंबूचे दार दुसऱ्याच्या दारासमोर नव्हते, हे त्याने पाहिले. हजार वर्षांपूर्वी जर्मनीत होऊन गेलेले रब्बेनू गेर्शोम यांच्या नावाने चालत आलेला हेरेम दुसऱ्याचे पत्र उघडून वाचण्यास मनाई करतो. म्हणजे ज्याच्या हाती लोकांची ठेव आहे, त्याची वही उघडी असावी. आणि गरिबाचा असो वा श्रीमंताचा, माणसाचा तंबू झाकलेला असावा.

आता आपल्याकडे पाहू. अमक्याचे दुखणे, तमक्याच्या मुलीचे मोडलेले लग्न, हे आपण व्हॉट्सॲपवर क्षणात चार देशांत पोचवतो. पण जमातीच्या फंडाचा हिशेब कोणी मागितला, तर "आमच्यावर विश्वास नाही का?" असे म्हणतो. उघडायचे ते आपण झाकतो आणि झाकायचे ते उघडतो!

म्हणून येत्या शब्बाथपूर्वी आपण दोन कामे करू या. दुसऱ्याच्या घरातली जी बातमी आपल्या हाती आली असेल, ती पुढे न पाठवता तेथेच थांबवू या. आणि लोकांचे जे काही आपल्या हाती असेल, मग ते पैसे असोत, नावांची यादी असो वा अधिकार असो, त्याचा जाब कोणी विचारण्याआधीच देऊ या. परमेश्वर आपल्या हातांना मोशेसारखी स्वच्छता आणि आपल्या तंबूंना शांती देवो. आमेन.