उसनें उत्तर

सन 2022 च्या नोव्हेंबरांत चॅटजीपीटी हें कृत्रिम बुद्धीचें साधन लोकांस खुलें झालें, आणि निबंधाचे श्रम कित्येक विद्यार्थ्यांस नकोसे वाटूं लागले. तेरा वर्षांखालील मुलांस वर्गांत अशीं साधनें देऊं नयेत, असें युनेस्कोनें 2023 सालीं सुचविलें. परंतु वयाहून मोठा प्रश्न निराळाच आहे. मुलचेऱ्याकडे कोणाच्या घरीं गोंडी, कोणाच्या घरीं बंगाली; शाळेची मराठी मूल अडखळत शिकतें. त्या अडखळण्यावरूनच गुरुजींस त्याची अडचण कळते. यंत्राचें सफाईदार उत्तर वहींत उतरलें, कीं ती झांकली जाते. मग गुरुजींनीं सुधारावें तरी काय? शिवाय यंत्र चुकीचेंही तितक्याच ठामपणें सांगतें. मोहाच्या झाडाविषयीं तें चुकलें, तर घरची आजी तत्काळ ओळखील. पण तिला विचारतो कोण?