दयेची मर्यादा

दारी आलेल्याला विन्मुख पाठवू नये, हा संस्कार आपल्यावर बालपणापासून झालेला आहे. ‘जागा नाही’ हे शब्द ऐकले की आपल्याला बेथलेहेमची उतारशाळा आठवते. तथापि कुत्र्यांच्या आश्रयगृहात हेच शब्द कधी कधी दयेपोटी उच्चारावे लागतात.

कुत्र्यांमधील पार्वो हा विषाणूजन्य रोग १९७८ च्या सुमारास उजेडात आला आणि दोनएक वर्षांत जगभर पसरला. वांत्या व रक्ती हगवण यांनी पिलू कोरडे पडते. उपचार न मिळाल्यास बहुतेक पिले दगावतात. लागण झालेले पिलू लक्षणे दिसण्यापूर्वीच रोग पसरवू लागते आणि त्याच्या विष्ठेतील विषाणू जमिनीत कित्येक महिने टिकतो. लस आहे, परंतु आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरेपर्यंत ती पिलांना नीट लागू पडत नाही. म्हणून दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने, किमान सोळाव्या आठवड्यापर्यंत, ती पुन्हा पुन्हा टोचावी लागते. गच्च भरलेल्या आश्रयगृहात विषाणू तेवढी उसंत देत नाही. कळवळ्याने उचलून आणलेले एक पिलू थेट इतरांत सोडले, तर तोच कळवळा साऱ्यांच्या जिवावर उठू शकतो.

मग दारातल्या एकाला नाकारणे हे पाप, की आतल्या अनेकांना संकटात लोटणे? आम्हांला वाटते, दया म्हणजे केवळ अंतःकरणाचा उमाळा नव्हे. तिला विवेकाची जोड हवी. जितक्यांना आरंभी वेगळे ठेवता येईल आणि सांभाळता येईल, तितक्यांनाच आत घेणे ही निर्दयता नव्हे. संत रॉक यांना प्लेग झाला तेव्हा ते वस्तीपासून दूर रानात जाऊन राहिले आणि एका कुत्र्याने त्यांना रोज भाकर आणून दिली, असे परंपरा सांगते. दूर राहणे आणि भाकर पोहोचवणे, दोन्ही प्रेमाचीच कृत्ये होत.

पण परत पाठवलेल्या पिलाचे काय? त्याचे उत्तर आश्रयगृहाने एकट्याने का द्यावे? आपल्या अंगणात व्यालेल्या कुत्रीची पिले गोणीत भरून आपण आश्रयगृहाच्या फाटकाशी सोडतो आणि पुण्य केल्याच्या समाधानात घरी परततो. तीच पिले अंगावरचे दूध सुटेपर्यंत आईजवळ राहू द्यावीत, त्यांना वेळेवर लस टोचून घ्यावी, आईची नसबंदी करून घ्यावी, हे आपल्या कुटुंबांना अशक्य नाही. आपले ओझे दुसऱ्याच्या दारात ठेवून जी मोकळी होते, तिला दया म्हणावे काय?