किल्ली दिली, मन दिले नाही

पावसाने घराची भिंत खचली, म्हणून गेल्या कार्तिकीला निघताना आम्ही गवंड्याच्या हाती किल्ली दिली. पाय पंढरीच्या वाटेवर, पण मन कुलपापाशी! दर मुक्कामावरून शेजाऱ्याला फोन : ‘काय हो, तांब्याचा हंडा जागेवर आहे ना?’ ‘दिसत नाही’ म्हणताच आमच्या लेखी गवंडी चोर ठरला. परत येऊन पाहतो तो हंडा माळ्यावर, आम्हीच ठेवलेला! भिंत मात्र ओळंब्यात उभी. शेजाऱ्याकडून गवंड्याला सारे कळले होते. तरी काम टाकून तो गेला नव्हता.

संत चोखोबा मंगळवेढ्यास गावकुसाच्या कामावर होते. इ. स. १३३८ मध्ये ते कूस कोसळून त्याखालीच त्यांचा देह पडला. महाद्वारी त्यांच्या समाधीपुढे माथा टेकायचा आणि घरी भिंत बांधणाऱ्याचा संशय घ्यायचा, ही कुठली भक्ती?

विश्वास म्हणजे गाफीलपणा नव्हे. दागिने कुलपात ठेवावे, काम व मजुरी आधी ठरवावी, काही रक्कम आगाऊ द्यावी. धन्याच्या माघारी राबणाराही आपल्या शब्दाच्या भरवशावरच राबतो ना? मग किल्लीबरोबर काळजीही सोपवून निघावे.

आम्ही ‘माउली’ म्हणून गवंड्याच्या पाया पडलो, तेव्हा कुठे आमची वारी पुरी झाली. रामकृष्ण हरि!