सार्वजनिक पत्ता आणि अदत्तादान

अनोळखी व्यक्तीशी ऑनलाइन संपर्क साधायचा तर आधी तिचा ई-मेल पत्ता किंवा फोन नंबर मिळवावा लागतो. परीक्षक शोधणारा प्रकाशक, देणगीदार शोधणारी संस्था, ग्राहक शोधणारा व्यावसायिक, सगळेच तो शोधतात. जो पत्ता सर्वांना दिसतो तो घेण्यात गैर काहीच नाही, असे यात गृहीत धरलेले असते. हे गृहीतक कुठवर टिकते, हा नीतीचा प्रश्न आहे आणि अस्तेयाच्या, म्हणजे चोरी न करण्याच्या, भारतीय विचारात त्याचे सूक्ष्म विवेचन सापडते.

पतंजलींच्या पाच यमांत अस्तेय आहे, बौद्ध पंचशीलातले दुसरे शीलही तेच सांगते. जैन आचारशास्त्राने मात्र या व्रताची सर्वांत बारकाईने फोड केली. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात चोरीची व्याख्या अदत्तादान, म्हणजे न दिलेले घेणे, अशी केली आहे. या व्याख्येत वस्तूची किंमत गौण ठरते, धन्याचे नुकसान किती झाले हेही गौण ठरते. संमती होती की नाही, एवढेच पाहिले जाते. पत्ता कुणी टिपून घेतला तरी मूळ माणसाकडून तो नाहीसा होत नाही, म्हणून व्यवहारात त्याला चोरी म्हणत नाहीत. अदत्तादानाच्या कसोटीवर ही पळवाट उरत नाही.

पण ही कसोटी अक्षरशः लावली तर जगणेच अशक्य होईल. तत्त्वार्थसूत्रावरील ‘सर्वार्थसिद्धी’ या टीकेत आचार्य पूज्यपादांनी हीच शंका उपस्थित केली आहे. भिक्षेसाठी फिरणारा मुनी गावाच्या रस्त्यांवरून आणि वेशीतून जातो. ते त्याला कुणी दिलेले नसतात, मग तोही चोर ठरतो का? उत्तर असे की रस्ते आणि वेशी सर्वांसाठी मोकळ्या असतात, म्हणून दोष लागत नाही. मात्र त्याच कारणाने मुनी बंद दारातून आत शिरत नाही. शिवाय प्रमाद, म्हणजे असावध आणि विकारवश वृत्ती, असेल तरच घेणे चोरी ठरते.

ऑनलाइन पत्त्यांना हा भेद नेमका लागू पडतो. संस्थेच्या संपर्क-पानावरचा कार्यालयीन पत्ता किंवा मासिकाने लेखकांसाठी छापलेला संपादकीय पत्ता म्हणजे मोकळी वाट. संशोधक आपल्या शोधनिबंधाखाली पत्ता देतो तो निबंधावरील चर्चेसाठी. त्यावर विमा विकणारा त्या वाटेवरून भलत्याच दारात पोहोचतो. नाव आणि आडनाव जुळवून अंदाजाने काढलेला खासगी पत्ता हे तर बंद दारच. तत्त्वज्ञ हेलन निसेनबॉम यांनी २०१० च्या ‘प्रायव्हसी इन कॉन्टेक्स्ट’ या ग्रंथात जवळपास हेच तत्त्व मांडले: माहिती ज्या संदर्भात दिली गेली, त्या संदर्भाचे संकेत ती पुढे जातानाही पाळले गेले पाहिजेत.

गृहस्थाच्या अस्तेयव्रतात तत्त्वार्थसूत्र पाच अतिचार, म्हणजे व्रताला लागणारे दोष, सांगते: चोरीला प्रवृत्त करणे, चोरीचा माल घेणे, राज्याच्या नियमांविरुद्ध व्यवहार करणे, खोटी मापे वापरणे आणि नकली माल खरा म्हणून देणे. ही यादी व्यापाऱ्याच्या जगण्यातून आली आहे, म्हणून आजही बोलकी आहे. दुसऱ्याला पैसे देऊन लोकांचे खासगी पत्ते गोळा करून घेणे पहिल्या अतिचारात बसते. फुटलेल्या माहितीतून तयार झालेली यादी विकत घेणे हा दुसरा. हजारोंना पाठवलेले पत्र खास एकासाठी लिहिल्याचे भासवणे पाचव्याच्या जवळ जाते.

कायद्याचा भंग हा या पाचांपैकी केवळ एक आहे, हे लक्षात घेण्याजोगे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे मान्य केले. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा मात्र, व्यक्तीने स्वतःच सार्वजनिक केलेल्या माहितीला लागू होत नाही. त्या जागी कायदा थांबतो आणि व्रताचे काम सुरू होते.

संख्येचाही विचार करावा लागतो. एका अनाहूत पत्राचा भार किरकोळ असतो, असे पाठवणारा म्हणतो. श्वेतांबर परंपरेतील दशवैकालिक सूत्राच्या पहिल्याच अध्ययनात फुलाला इजा न करता थोडा रस घेणाऱ्या भुंग्याचा आदर्श मुनीपुढे ठेवला आहे. थोडे घेणे एवढाच त्याचा अर्थ घेतला तर घाऊक पत्रे पाठवणाराही तो आदर्श पाळतो असे म्हणता येईल. पण भिक्षेच्या आचारात घर ‘नाही’ म्हणू शकते, आणि नकार मिळताच मुनी राग न धरता पुढे जातो. नकाराची सोय नसलेले थोडेसे घेणेही लादणेच असते.

यातून संपर्क साधणाऱ्याची कर्तव्ये स्पष्ट होतात. पत्ता ज्या हेतूने प्रसिद्ध झाला त्याच्याशी आपले काम जुळते का, हे आधी पाहावे. जुळत नसेल तर सोडून द्यावा. पत्रात स्वतःची खरी ओळख द्यावी, पत्ता कुठून मिळाला ते सांगावे आणि नकार सोपा ठेवावा. नकार आला की नाव यादीतून काढावे. काम संपल्यावर यादी साठवून ठेवू नये, दुसऱ्याला देऊ नये. इथे अस्तेयाला अपरिग्रहाची, म्हणजे साठा न करण्याची, जोड मिळते. पत्ता दिसतो म्हणून तो दिलेला ठरत नाही. देणाऱ्याने तो ज्या कामासाठी मोकळा ठेवला, तेवढ्यापुरताच घेणाऱ्याचा अधिकार असतो.