गोल कुणाचा?

१ डिसेंबर १९५६, मेलबर्न. ऑलिंपिकच्या उपांत्यपूर्व सामन्यात भारताचा कर्णधार समर ऊर्फ बद्रू बॅनर्जीचा फटका गोलपोस्टच्या आडव्या दांड्यावर आदळून मैदानात परतला. नववं मिनिट चालू होतं. परतलेला तो चेंडू नेव्हिल डिसोझाने डोक्याने जाळ्यात धाडला. तेहतिसाव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जीच्या क्रॉसवर त्याने दुसरा गोल केला, पन्नासाव्या मिनिटाला तिसरा. यजमान ऑस्ट्रेलिया ४-२ असा हरला. जन्माने गोव्याच्या आसगावचा आणि खेळाने मुंबईचा असलेला नेव्हिल ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई ठरला.

फॉरवर्डच्या अख्ख्या कारकिर्दीचा हिशेब शेवटी एका आकड्यावर येतो: गोल किती? बचावपटूने परतवलेल्या चढाया कुणी मोजून ठेवत नाही. फॉरवर्डचं नाव मात्र मिनिटासकट छापलं जातं. ‘हे मी केलं’ असं म्हणण्याचा मोह मैदानावर सर्वांत जास्त त्यालाच होणार. म्हणूनच गीतेच्या अठराव्या अध्यायातला एक विचार त्याच्या खेळावर पारखून बघावा असा आहे.

कोणतंही कर्म तडीस जायला पाच कारणं लागतात, असं तिथे सांगितलं आहे: अधिष्ठान, कर्ता, साधनं, नाना तऱ्हेच्या हालचाली आणि पाचवं दैव. इतकं असूनही जो एकट्या स्वतःलाच कर्ता समजतो त्याची बुद्धी कच्ची, असं कृष्ण पुढे बजावतो.

आता तो पहिला गोल बघा. बद्रूचा फटका जरासा खाली बसता, तर गोल बद्रूच्या नावावर लागला असता. संघ घडवला होता प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी. आणि दैव? पहिल्या फेरीत भारताची गाठ हंगेरीशी होती. हेलसिंकीत १९५२ साली सुवर्णपदक जिंकलेला हा देश. पण मेलबर्नच्या स्पर्धेआधी काही आठवडे बुडापेस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे घुसले होते. हंगेरीचा फुटबॉल संघ स्पर्धेत उतरलाच नाही आणि भारताला न खेळता पुढे चाल मिळाली.

म्हणून नेव्हिलचं कर्तृत्व पुसलं जातं का? मुळीच नाही. सहकाऱ्याने फटका मारला की फॉरवर्डने गोलच्या तोंडाशी धाव घ्यायची असते. बहुतेक वेळा ती धाव वाया जाते, चेंडू भलतीकडे जातो किंवा गोलरक्षकाच्या हातात विसावतो. तरीही पुढच्या खेपेला पुन्हा धावायचंच. ती धाव नेव्हिलची होती. पाचांमध्ये कर्ता एक आहे, पण तो शून्य नाही. हे दुसरं अंग सांगायला प्रवचनकार अनेकदा विसरतात.

नेव्हिलच्या ख्रिस्ती परंपरेतही हाच पेच पडला होता. माणूस स्वतःच्या इच्छाशक्तीने चांगलं वागू शकतो, असं पेलाजियस हा धर्मचिंतक म्हणायचा. ती इच्छासुद्धा ईश्वराच्या कृपेनेच उठते, असं ऑगस्टीनचं म्हणणं. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला पेटलेला हा वाद आजही पुरता मिटलेला नाही.

फळाचं म्हणाल, तर तेही सारखं वाटलं जात नाही. बँकॉकच्या १९७० च्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक जिंकलेल्या संघातला राजस्थानचा फॉरवर्ड मगनसिंग राजवी याला १९७३ साली अर्जुन पुरस्कार मिळाला, आणि तो रास्तच होता. मेलबर्नमध्ये चार गोल करून स्पर्धेतल्या सर्वाधिक गोलांचा मान वाटून घेणारा नेव्हिल १९८० साली गेला, तो अर्जुन पुरस्काराविना.

पाच कारणांच्या या विचाराची खरी कसोटी मात्र उपांत्य सामन्यात लागते. युगोस्लाव्हियाविरुद्ध बावन्नाव्या मिनिटाला नेव्हिलनेच भारताला आघाडी मिळवून दिली. पुढच्या तेरा मिनिटांत युगोस्लाव्हियाने तीन गोल चढवले. अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला भारताच्या मोहम्मद सलामकडून चेंडू आपल्याच जाळ्यात गेला आणि सामना ४-१ असा हातचा गेला. नोंदीत त्या गोलापुढे सलामचं नाव आहे, स्वयंगोल म्हणून. नेव्हिलच्या गोलात पाच कारणं शोधायची आणि सलामच्या चुकीत एकटा सलामच बघायचा, हा न्याय नव्हे. चेंडू तिथवर येऊ देणारे दहा सहकारी त्यात होते, समोरचा तगडा संघ होता, आणि पाचवं कारणही होतंच.