मंगळाचा चौक

कधी जयपूरला गेलात तर तिलक नगराजवळच्या जवाहरलाल नेहरू मार्गावर थोडे थांबा. तेथील जवाहर कला केंद्राच्या आठ मीटर उंचीच्या तांबड्या भिंतींवर नवग्रहांची भव्य चिन्हे दिसतील. ती रंगवलेली नाहीत. पांढरा संगमरवर, काळा ग्रॅनाइट आणि करडा अभ्रकी पाषाण भिंतीत जडवून ती घडविली आहेत. वास्तू नऊ चौकांची, आणि प्रत्येक चौक एका ग्रहाचा.

१९८६ साली हाती घेतलेली ही वास्तू चार्ल्स कोरिया यांची. ते गोमंतकीय कॅथलिक कुटुंबातले. दादरच्या ज्या देवालयाला आपण पोर्तुगीज चर्च म्हणतो, त्याची १९७० च्या दशकातली नवी इमारतही त्यांचीच. ज्याने प्रभूचे मंदिर उभारले, त्याने शनी, राहू, केतू यांची चिन्हे भिंतीवर जडवावीत काय?

प्रश्न क्षुल्लक नाही. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात सूर्यचंद्रांची नावेदेखील येत नाहीत. एक मोठी ज्योती, दुसरी लहान, एवढेच. शेजारची राष्ट्रे ज्यांना दैवते मानीत, त्यांना शास्त्रकाराने दिव्यांची कामे नेमून दिली. राहू-केतू तर गोलही नव्हेत. चंद्राची वाट सूर्याच्या भासमान वाटेला जेथे छेदते, ते दोन बिंदू!

पण आत जाऊन पाहा. कोरियांनीही ग्रहांना कामेच दिली आहेत. गुरूच्या चौकात ग्रंथालय, शुक्राच्या चौकात नाट्यगृह, मंगळाच्या चौकात कचेरी. मधला सूर्याचा चौक तर मोकळाच. भोवती पायऱ्या, वर आकाश. शेजाऱ्याच्या कल्पनेचा येथे आदर आहे, परंतु तिच्यापुढे लोटांगण नाही. मला हे गैर वाटत नाही.

गैर काय, ते मी अन्यत्र पाहिले आहे. माझ्या परिचयातील एका ख्रिस्ती घरी मुलाचे लग्न ठरत होते. दर रविवारी उपासनेस बसणाऱ्या वडिलांनी मुलीची जन्मवेळ हळूच विचारून घेतली. ‘‘सहज, माहितीसाठी,’’ असे ते म्हणाले. पुढे ‘मंगळ’ निघाला आणि स्थळ मोडले. कारण मात्र मुलीच्या शिक्षणाचे सांगण्यात आले. त्या घरच्या भिंतीवर ग्रहाचे एकही चिन्ह नव्हते. होता तो क्रूस. खरे कारण मला ठाऊक होते. संबंध बिघडतील म्हणून मी बोललो नाही, आणि त्या मुलीच्या आईवडिलांनी आपल्या लेकीतच काही उणे असल्याचे मानून घेतले.

मंगळाचा व्यास पृथ्वीच्या जेमतेम निम्मा आहे. जयपूरला त्याच्या चौकात मी उभा होतो, तेव्हा कोणी सभागृहाच्या भाड्याची चौकशी करीत होते, कोणी पावतीसाठी खोळंबले होते. मला त्या मुलीची आठवण झाली. तिचा पत्ता अजून माझ्यापाशी आहे.