उतरलेली बॅटरी

माणसानं आधी माफी मागावी की आधी मदत मागावी, हा प्रश्न आपल्या तत्त्वज्ञांनी का सोडवून ठेवला नाही, कुणास ठाऊक. ब्रह्म, माया, जीव, जगत अशा मोठमोठ्या भानगडींत गुंतल्यामुळे त्यांना सवड झाली नसावी. शिवाय त्यांच्याकडे मोटार नव्हती. ज्याच्याकडे मोटार आहे आणि ज्याचं तिसऱ्या मजल्याशी भांडण आहे, त्याला हा प्रश्न आज ना उद्या पडतोच. मला तो 7 जून 2020 या दिवशी, रविवारी, सकाळी नऊ वाजता पडला.

आमची गाडी 25 मार्चपासून जागची हलली नव्हती. त्या दिवसापासून अख्खा देशच जागचा हलला नव्हता, तेव्हा एकट्या गाडीला बोल लावण्यात अर्थ नाही. उलट मी तिला जपतच होतो. म्हणजे रोज गॅलरीतून तिच्याकडे बघत होतो. पेट्रोल जळत नाही, टायर झिजत नाहीत, कुणी ओरखडा काढत नाही! इतक्या काटकसरीनं आम्ही गाडी कधीच बाळगली नव्हती.

जूनमध्ये जरा मोकळीक मिळाली आणि सासूबाईंचा फोन आला. वय ब्याऐंशी, राहतात एकट्या, पुण्याच्या पार दुसऱ्या टोकाला. त्या एवढंच म्हणाल्या, "जमलं तर या. नाही जमलं तरी मी आहेच." त्यांचं ते 'मी आहेच' ऐकलं आणि आमच्या हिनं अर्ध्या तासात डबा भरला, मास्क चढवला आणि ती दारात उभी राहिली.

खाली जाऊन मी किल्लीचं बटण दाबलं. एरवी कुईं करून डोळे मिचकावणारी गाडी ढिम्म. किल्ली भोकात घालून दार उघडलं, आत बसलो, स्टार्टर मारला. दिवा नाही, काटा नाही. पूर्वी निदान घर्र घर्र करून गाडी आपली नाराजी तरी सांगायची. ही काही बोलेचना.

"बॅटरी उतरली," मी म्हणालो.

"बसून बसून?" ही म्हणाली. "आपण तर वापरलीसुद्धा नाही!"

नेमकं इथंच माझंही चुकलं होतं. वापरली नाही की शिल्लक राहते, हा नियम साखरेला लागू पडतो, बॅटरीला नाही. 1859 मध्ये फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी शिशाच्या पत्र्यांची आणि गंधकाम्लाची ही बॅटरी बनवली. तेव्हापासून तिचा स्वभाव तोच. नुसती ठेवली तरी ती आतल्या आत खर्च होते. त्यात हल्लीची गाडी झोपते कुठे? घड्याळ चालू, चोराची घंटा जागी, किल्लीची हाक कधी येते म्हणून कान टवकारलेले. एवढ्यासाठी वीस मिलिअँपिअर प्रवाह धरला, तरी दिवसाला जवळजवळ अर्धा अँपिअर-तास गेला. आमची बॅटरी पस्तिसाची. म्हणजे सुमारे त्र्याहत्तर दिवस. मी बोटं मोजली. चौऱ्याहत्तर झाले होते. एवढा वक्तशीर आमच्या घरात कुणीच नाही.

ढकलावी म्हटलं, तर ते दिवस गेले. माझ्या लहानपणी फियाट बंद पडली की रस्त्यावरची चार अनोळखी माणसं न बोलावता यायची, दुसऱ्या गिअरमध्ये धक्का मारायची आणि गाडी सुरू झाली की नाव न सांगता निघून जायची. धक्का मारायला बोलणं-चालणं असावं लागत नसे. पण आताच्या गाडीत पेट्रोलचा पंपसुद्धा विजेवर चालतो. बॅटरी पार संपलेली असली की ढकलून फक्त ढकलणाऱ्याचा व्यायाम होतो. शिवाय ढकलणार कोण? आवारात मी, ही आणि माझ्यापेक्षा म्हातारा वॉचमन.

आता जिवंत गाडी आवारात एकच होती. तिसऱ्या मजल्याची.

तिसरा मजला म्हणजे वीज खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ. टाळेबंदीत दर रविवारी सकाळी ते खाली उतरत आणि गाडी सुरू करून आवारातल्या आवारात बराच वेळ गोल गोल फिरवत. मी गॅलरीतून चहा पीत हिला म्हणत असे, "बघ, रिकामटेकडा माणूस पेट्रोलची प्रदक्षिणा घालतोय." त्यांना एक गोष्ट ठाऊक होती. गाडी नुसती सुरू करून पाच मिनिटांत बंद केली, तर स्टार्टर जेवढं खातो तेवढंही भरून निघत नाही. तिला फिरवावीच लागते.

आमचं बोलणं 2017 पासून बंद होतं. त्यांच्या एसीचं पाणी माझ्या बॉनेटवर ठिबकायचं. मी वर जाऊन सांगितलं असतं, तर दोन मिनिटांचं काम होतं. पण मी पडलो लेखक. मी सोसायटीला पत्र लिहिलं. त्यात 'माझी मोटार ही केळीची बाग नसून तिला ठिबक सिंचनाची गरज नाही' असं एक वाक्य होतं. सेक्रेटरींनी ते सर्वसाधारण सभेत मोठ्यानं वाचलं. हशा झाला. मी खूश होऊन मागं वळून पाहिलं, तर एकच माणूस हसत नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी एसीला नळी लावली. पाणी थांबलं, आणि बोलणंही.

त्यांचा तो न हसणारा चेहरा मला तीन वर्षं अधूनमधून दिसत असे. पण माफी मागायला मुहूर्त लागतो. आता मुहूर्त आला तो असा! आधी माफी मागावी, तर ती लाच झाली. तीन वर्षं न सुचलेला पश्चात्ताप नेमका बॅटरी उतरल्यावर कसा सुचला, हे शेंबडं पोरही विचारील. आधी मदत घेऊन मग माफी मागावी, तर ती बिल चुकतं केल्यासारखी. मुळीच मागू नये, तर मी माणूस कसला? बरं, मदतच मागू नये म्हटलं, तर माझ्या अब्रूची किंमत सासूबाईंनी का मोजायची? परीक्षेच्या आदल्या दिवशी मारुतीला नारळ फोडणारे आपण सगळेच कामापुरते भक्त. पण मारुतीला एसी नसतो.

हे सगळं मी हिला समजावून सांगत होतो, तोवर ही वर जाऊन त्यांची बेल वाजवून आलीसुद्धा.

ते आले. मास्क होता हे बरं झालं. दोघांचीही तोंडं झाकलेली. जंपर केबल त्यांचीच. "लाल आधी तुमच्या अधिकला," ते म्हणाले. "मग लालचं दुसरं टोक माझ्या अधिकला. काळा माझ्या उण्याला." मी शेवटचा काळा चिमटा माझ्या बॅटरीकडे नेला, तसा त्यांनी हात आडवा धरला. "तिथं नको. इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावा, बॅटरीपासून लांब. तिच्यातून हायड्रोजन निघतो, ठिणगी पडली तर भडका उडेल."

भडका उडवण्यात माझा हातखंडा आहे, हे त्यांना ठाऊक असणारच.

"पार संपलीय. दहा मिनिटं अशीच राहू दे," ते म्हणाले आणि त्यांनी आपली गाडी चालू ठेवली.

ती दहा मिनिटं! मधे सहा फुटांचं सरकारी अंतर, केबल आठ फुटांची. तिच्यातून सगळं वाहत होतं, माझ्या तोंडून मात्र काही निघत नव्हतं. 'ते पत्र...' अशी सुरुवात मी मनात सात वेळा केली. मोठ्यानं म्हणालो ते असं, "त्या 'निसर्ग' वादळात झाडं फार पडली नाही?"

"पडली," ते म्हणाले.

मग मी किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली आणि मला खरंच हुंदका यायचा बाकी राहिला. लावले त्याच्या उलट क्रमानं त्यांनी चिमटे काढले, केबल नीट गुंडाळली. "लगेच बंद करू नका. अर्धा-पाऊण तास चालवा." मी म्हणालो, "फार उपकार झाले." तेवढंच जमलं. ते जिन्यापर्यंत गेले आणि वळले.

"पाणी घालत जा अधूनमधून," ते म्हणाले. मग जरा थांबून, "बॅटरीत."

मास्कच्या आड ते हसले की नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

सासूबाईंकडे ही डबा घेऊन वर गेली आणि मी खाली, चालू गाडीत. सासूबाई गॅलरीत आल्या. "अहो, वर या ना!"

"बंद केली तर पुन्हा सुरू होईलसं वाटत नाही!" मी खालून ओरडलो.

"माझंही तसंच झालंय," त्या म्हणाल्या. मी गाडी बंद केली आणि वर गेलो. परत येताना काय होईल ते होईल. (झाली सुरू. तीन प्रयत्नांत.)

पुढं मीही रविवारी गाडी फिरवायला लागलो. दोन गाड्या आवारात गोल गोल, एकमेकींना वाट देत. माफीचं राहूनच गेलं. ही आठवण करते, मी मुहूर्त शोधतो.

2021 च्या एप्रिलमध्ये एका रविवारी मी गाडीत बसलो होतो. बॉनेटवर टप्प झालं. मग पुन्हा टप्प. वर पाहिलं, तर एसीची नळी सुटून लोंबत होती आणि शेजारच्या खिडकीतून ते वाकून बघत होते.

"काय हो, पाणी पडतंय का खाली?"

"छे, छे!" मी म्हणालो, आणि उतरून बाहीनं बॉनेट पुसलं.